थंडीत तुळस आणि गवती चहाच्या तेलाचा उतारा वाढतो की घटतो?

तापीकाठचा शेतकरी (शिरपूर)
नमस्कार. माझ्याकडे अर्धा एकर तुळस आणि एक एकर गवती चहा ठिबकवर आहे. पहाटेचा पारा ७ अंशांपर्यंत उतरल्यापासून तुळशीची कोवळी पाने काळवंडून गळत आहेत आणि गवताचे शेंडे तांबूस पडले आहेत. तेल काढणारे एक गृहस्थ म्हणतात की, थंडीचा ताण बसला म्हणजे पाल्यात तेल वाढते, म्हणून लगेच कापणी करावी. हे खरे आहे का?

वनस्पतीशास्त्राचा शिक्षक (नंदुरबार)
दादा, त्या गृहस्थांनी टक्केवारी सांगितली, उतारा (म्हणजे एकरी हाती येणारे एकूण तेल) सांगितला नाही. तुळशीचे तेल पानावरच्या सूक्ष्म तैलग्रंथींत साठते आणि त्या ग्रंथींची संख्या पान कोवळे असतानाच बहुतांशी ठरते. थंडीत पान लहान राहिले, तर तेवढ्याच ग्रंथी कमी जागेत दाटीने बसतात आणि पाल्याच्या वजनाच्या मानाने तेल जास्त दिसू शकते. शिवाय थंडी बसल्यावर अनेक वनस्पतींमध्ये फिनॉल वर्गातील द्रव्यांची निर्मिती वाढते. तुळशीच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य त्याच मार्गाने तयार होते. मात्र त्यासाठी पान जिवंत आणि कामकरी असावे लागते. काळवंडलेले पान तेल वाढवणार नाही.

गवती चहा मुळात उष्ण प्रदेशातले गवत असल्यामुळे गारठ्यात त्याची वाढ जवळजवळ थांबते. आपल्याकडे पहाट गार आणि आकाश निरभ्र असते. गारठलेल्या पानावर सकाळी कडक ऊन पडते, तेव्हा आलेला प्रकाश पानाला वापरता येत नाही आणि त्यातूनच हरितद्रव्याची हानी होते. केळीवरचा चरका (थंडीने पानांना होणारी इजा) पाहिलेल्या माणसाला ही लक्षणे परकी वाटणार नाहीत.

भट्टीवाला (चोपडा)
शिक्षकांच्या मुद्द्याला हिशेबाची जोड देतो. समजा, पावसाळ्यानंतरच्या कापणीत एकरी ४ टन ओला पाला मिळाला आणि तेल ०.४ टक्के निघाले, तर १६ किलो तेल हाती येते. थंडीत पाला दीड टनावर आला आणि तेल ०.५ टक्के झाले, तरी साडेसात किलोच मिळते; तेल काढण्याच्या भट्टीचे सरपण, पाणी आणि मजुरी मात्र फारशी कमी होत नाही. आणखी एक फसगत अशी की, शेतातच सुकलेल्या पाल्यात पाणी कमी असते, त्यामुळे तेल तेवढेच असूनही टक्केवारी फुगते. म्हणून तुलना नेहमी कोरड्या वजनावर किंवा एकरी किलोंत करावी.

गवत आता कापू नका, कारण गारठ्यात नवे फुटवे उशिरा येतात आणि बुंधे कमजोर होतात. फेब्रुवारीत ऊब आल्यावर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापा. तोवर सायंकाळी विहिरीचे पाणी द्या, कारण ओली जमीन रात्री ऊब धरून ठेवते. युरिया आता टाळा. त्याने येणारी कोवळी फूट आधी करपेल. तुळशीचा काळा पाला वेगळा काढून उरलेली निरोगी झाडे तेवढी कापता येतील.

रोशाप्रेमी (तळोदा)
थोडे विषयांतर. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशा या सुगंधी गवताच्या तेलाची नोंद आहे. त्याचे तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते आणि फुलोरा पावसाळा सरल्यावर येतो. म्हणजे भट्टीचा हंगाम गवताच्या फुलण्यावर ठरतो, गारठ्यावर नव्हे. ज्यांना थंडीतच पीक हवे आहे, त्यांनी ओवा किंवा बडीशेप पाहावी. ही रब्बीची पिके असून त्यांचे तेल दाण्यात भरते.

तापीकाठचा शेतकरी (शिरपूर)
आपणा सर्वांचे आभार. गवत फेब्रुवारीपर्यंत राखतो. तुळशीची एक घाणी (भट्टीची एक खेप) मात्र या आठवड्यात घेणार आहे. ओला पाला, कोरडे वजन आणि तेल अशा तिन्ही नोंदी ठेवून येथे कळवीन. भट्टीवाले भाऊ, कोरडे वजन काढण्यासाठी पाला सावलीत किती दिवस वाळवावा?

भट्टीवाला (चोपडा)
दिवस मोजू नका. एक किलोचा नमुना सावलीत पसरा आणि लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरले की तो वाळला असे धरा.