‘ड्वॉर्फ’ला मराठीत काय म्हणाल?

भाचीला रोज रात्री टॉल्कीनची ‘द हॉबिट’ ही इंग्रजी कादंबरी मराठीत सांगतोय. ‘ड्वॉर्फ’ आले आणि गाडी अडली. ‘बुटके’ म्हटल्यावर ती वर्गातल्या एका मुलाचं नाव घेऊन खिदळायला लागली. टिंगलीचा शब्द झाला तो. इथे तर दाढीवाली, डोंगर पोखरणारी, सोन्यासाठी जीव टाकणारी अख्खी जमात आहे. शिवाय त्यातल्या देखण्या, अमर एल्फला यक्ष आणि दुष्ट, कुरूप गॉब्लिनला खवीस चालेल का?

— खवीस नको हो. आपली भुतं मेल्यावर होतात. मुंज झालेला पोरगा लग्नाआधी गेला तर मुंजा, बाळंतपणात गेली ती अळवंतीण, पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. नावातच मृत्यूचा दाखला! टॉल्कीनचा गॉब्लिन जन्माला येतो तोच गॉब्लिन म्हणून.

— मग अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडा. विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध, भूत अशा दहा देवयोनी एका श्लोकात बसवल्यात. ‘योनी’ हा नेमका शब्द होता, पण आता तो ‘प्रेतयोनी’त नाहीतर डॉक्टरांकडे उरलाय, तेव्हा तुमची ‘जमात’च बरी. ड्वॉर्फला मात्र ‘गुह्यक’ बघा. कुबेराच्या खजिन्याचे राखणदार. ‘गुह्’ म्हणजे लपवणं.

— ‘यक्ष’ला माझा विरोध. तो शब्द रिकामा नाही. मेघदूतातला यक्ष वर्षभर बायकोपासून लांब, ढगाला निरोप सांगत बसलेला. महाभारतातला तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्नांवर प्रश्न घालतो, त्यावरून आपण अजून ‘यक्षप्रश्न’ म्हणतो. दोघांचं नाव यक्षच, आणि स्वभावात किती फरक! एल्फला यक्ष म्हटलंत की हे दोघेही मागोमाग येणार. ‘एल्फ’ राहू द्या.

— टॉल्कीननं अनुवादकांसाठी नावांची टिपणंच लिहून ठेवली होती. ‘हॉबिट’ हे कथानायकाच्या जमातीचं नाव तसंच ठेवा म्हणाला. जर्मनमध्ये ‘एल्फेन’ म्हटलं की चिमुकल्या पऱ्या डोळ्यांपुढे येतात, म्हणून त्यानं ‘एल्बेन’ सुचवलं. स्वतः इंग्रजीतसुद्धा रूढ ‘ड्वॉर्फ्स’ सोडून ‘ड्वॉर्व्ह्ज’ लिहायचा. शब्दाला जरा वेगळं वळण दिलं की जुनी चित्रं गळून पडतात, एवढंच.

— मूळ प्रश्नकर्ता: काल ‘गुह्यक’ वापरून पाहिला. दोन मिनिटांत त्याचा ‘गुह्या’ झाला. ‘म्हणजे मामा, तेरा गुह्ये न सांगता जेवायला आले?’ म्हटलं, आले, आणि फडताळ रिकामं करून गेले.