दहावीच्या वर्गात उत्क्रांतीसोबत ‘रचनाकार’ही शिकवायचा का?

विज्ञानशिक्षिका, राजापूर

मी दहावीला विज्ञान शिकवते. यंदा पालकसभेत मागणी आली की ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा घ्या, पण त्याच तासाला इंटेलिजंट डिझाइनही सांगा. म्हणजे सजीवांची गुंतागुंत आपोआप घडणं शक्य नाही, तिच्यामागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, हे मत. मुलांना दोन्ही बाजू कळल्या पाहिजेत, असा आग्रह होता. ऐकायला रास्त वाटतं, तरी माझा याला विरोध आहे.

अमेरिकेत हा वाद कोर्टात जाऊन आलाय. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर इथल्या शाळा मंडळाने 2004 मध्ये ठरवलं, की उत्क्रांती शिकवण्याआधी मुलांना डिझाइनबद्दलचं निवेदन वाचून दाखवायचं. 11 पालकांनी दावा लावला. 20 डिसेंबर 2005 रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नव्हे आणि सरकारी शाळेच्या विज्ञानाच्या तासाला ते शिकवता येणार नाही. सुनावणीत डिझाइनचे बिनीचे समर्थक मायकेल बेही यांना उलटतपासणीत मान्य करावं लागलं, की वैज्ञानिक सिद्धांताची त्यांची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसतं. हीच व्याख्या आपल्या वर्गात आणायची का, हे पालकांनी सांगावं.

आपल्याकडे धोका वेगळा आहे. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा एप्रिल 2023 मध्ये 1800 हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी निषेधाचं पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे म्हणतात. पण माझ्या वर्गातली मुलं पुढे कॉमर्सला जातात, आयटीआयला जातात, काही मुलींचं शिक्षणच थांबतं. राज्य मंडळाच्या पुस्तकात हा धडा अजून आहे, आणि बहुतेकांसाठी तो पहिला आणि शेवटचा आहे. त्यातला अर्धा तास मी दुसऱ्या कशाला देणार नाही.

एक पालक, रत्नागिरी

बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. मी इंजिनिअर आहे, देवभोळा नाही. जिवाणूला पोहण्यासाठी जी शेपटी असते, फ्लॅजेलम, तिच्या बुडाशी अक्षरशः फिरती मोटर आहे. तिचे कितीतरी भाग, एक काढला की सगळं ठप्प. अर्धवट मोटर काय कामाची? मग ती पायरीपायरीने कशी बनली? हा प्रश्न मुलांनी विचारायचाच नाही का? अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाने विज्ञान कशाला म्हणायचं हे ठरवावं, हेही मला पटत नाही. आणि बागायतदारांच्या गावात राहून सांगतो, रायवळ कोयीपासून हापूसची बाग आपोआप उभी राहत नाही. कलम बांधायला माणूस लागतो, त्याची अक्कल लागते.

देवगडचा बागायतदार

कलमाचं तुम्ही काढलंत म्हणून लिहितो. कलमाला अक्कल लागते हे खरं. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ काढला, पुढे रत्ना आणि हापूसपासून ‘सिंधू’. ते माणसाचंच काम.

पण त्याच बागेत तुडतुडा आहे. मोहर फुटला की हा किडा रस शोषतो, पानांवर चिकटा पडतो, मग त्यावर काळी बुरशी. त्याला मारायला आम्ही फवारण्या करतो. एकच औषध लागोपाठ मारत राहिलं, की काही हंगामांनी तुडतुडा त्याला दाद देत नाही. पंप तोच, औषध तेच, मात्रा तीच, आणि मोहर काळा पडलेला. ह्यां मी डोळ्यांनी बघलंय. होतं असं की हजारांत दोन-चार तुडतुडे जन्मतःच त्या औषधाला पुरून उरणारे असतात. बाकीचे मरतात, हे उरतात, पिल्लं यांचीच होतात. म्हणूनच फवारणीच्या वेळापत्रकात दर खेपेला औषध बदलायला सांगतात.

आता सांगा, इथे रचनाकार कोण? बागेत अक्कल असलेले आम्हीच होतो, आणि आम्हाला किडा मारायचा होता. आमच्या मनाविरुद्ध तो बदलला.

दशावतारप्रेमी, वेंगुर्ले

आपल्याकडे हे आधीपासून आहे, कुणी लक्ष देत नाही. आधी मत्स्य, मग पाण्याजमिनीवरचा कूर्म, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस नरसिंह, मग वामन. हा क्रम पूर्वजांना कसा सुचला? परदेशी डिझाइन नको असेल तर नका घेऊ, पण दशावतार तरी विज्ञानाच्या तासाला सांगा. पोरांना आपलं वाटेल.

विज्ञानशिक्षिका, राजापूर

दादा, दशावतार मीही रात्रभर जागून बघते. पण एक विचारते. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण वसवलं, ही कथा आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळात आपण जातो. तरी जांभ्याखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, असं भूगोलात शिकवलं की कुणी दुसरी बाजू मागत नाही. देवळाला बाध आला नाही आणि भूगोलालाही नाही. जीवशास्त्राला तेवढीच मोकळीक द्या.

‘आपलं वाटेल’ म्हणालात, ते मात्र मनापासून पटलं. ओहोटीला खाडीत तिवरांच्या मुळाशी निवटे बघा. कल्ले असलेला मासा, पण चिखलावर पुढच्या परांवर रेटत चालतो, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो, डोळे डोक्यावर. तो आपला पूर्वज नाही, हेही वर्गात सांगावं लागतं. पण मासा पाण्याबाहेर तगूच शकत नाही, हे म्हणणं तो समोर खोटं ठरवतो. पाण्यातून जमिनीवर येणाऱ्या जिवाचे अवशेष किती जुन्या खडकात मिळावेत, याचा आधी अंदाज बांधून शास्त्रज्ञ कॅनडाच्या उत्तरेला खणत राहिले, आणि 2004 मध्ये टिक्टालिक सापडला, साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. रचनाकाराचं मत धरून कुठे खणावं, हे कुणी सांगितलेलं मला आढळलं नाही.

इंजिनिअर सर, मोटरचा प्रश्न मुलांनी जरूर विचारावा. त्या शेपटीच्या बुडाच्या भागाशी जुळणारी, पण कमी प्रथिनांची एक रचना काही रोगजंतूंमध्ये असते. तिने ते जंतू माणसाच्या पेशीत विषारी प्रथिनं टोचतात. म्हणजे ‘अर्धवट’ यंत्रही वेगळ्या कामाला येतं. डोव्हरच्या खटल्यात हाच मुद्दा आला होता.

एक पालक, रत्नागिरी

तुडतुड्याचं मान्य. पण तुडतुडा शेवटी तुडतुडाच राहिला. आणि पहिला जीव कसा आला, हे तुमच्या धड्यात सिद्ध झालेलं नाही. तिथे रचनाकाराची शक्यता उघडी ठेवा, एवढंच मागतोय. विज्ञानात नको तर मूल्यशिक्षणाच्या तासाला घ्या.

विज्ञानशिक्षिका, राजापूर

मूल्यशिक्षणात घ्यायला माझी काहीच हरकत नाही, तिथे मी स्वतः बसेन. पहिला जीव कसा आला, यावर संशोधन चालू आहे आणि त्याचं पक्कं उत्तर अजून नाही, हे मी मुलांना तसंच सांगते. डार्विनचा सिद्धांत जीव आल्यानंतर काय घडलं त्याबद्दल आहे. आणि तुडतुडा तुडतुडाच राहिला म्हणता, तर पुढच्या सभेला येताना धड्यातली अवशेषांगं, म्हणजे पूर्वजांकडून आलेले पण मूळ काम न उरलेले अवयव, वाचून या. माकडहाड आपल्याला कशासाठी दिलं, याचं रचनाकाराच्या बाजूने उत्तर मला ऐकायचंय.

देवगडचा बागायतदार

बाई, मोहर आला की मुलांना घेऊन बागेत या. चार कलमं फवारणीवाचून ठेवतो, मुलांनी स्वतः तुडतुडे मोजावेत. इंजिनिअर साहेबांनीही यावं.