नायट्याला डर्मोस्कोप पुरे, की खरवड हवीच?

ओपीडीकर: गर्दीच्या ओपीडीत प्रत्येक नायट्याचे पापुद्रे खरवडून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात खरवड ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करणं होत नाही. त्वचा १० पट मोठी दाखवणारं दिव्याचं भिंग, म्हणजे डर्मोस्कोप, आधी लावावं, खरवड शंका असेल तिथेच. मुलाच्या डोक्यातल्या चट्ट्यात स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा स्प्रिंगसारखे पिळलेले केस दिसले, तर तो नायटाच, चाई (बुरशीशिवाय गोल चट्ट्यात केस गळणं) असेल का हा प्रश्न जवळपास मिटतो; पोटातलं औषध त्याच दिवशी सुरू करा. नुसत्या काळ्या ठिपक्यांवर मात्र जाऊ नका, ते चाईतही असतात.

स्लाइडवाले: डोक्यापुरतं मान्य. अंगावर काय दिसतं? कडेचे पापुद्रे आणि लाल ठिपके. सोरायसिसमध्ये ठिपके चट्टाभर सारखे पसरलेले असतात, नायट्यात बहुधा कडेला. पण दुकानातून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम चोपडलं की हा फरक पुसला जातो, आणि आपल्याकडे पेशंट येतो तो बहुतेकदा तसंच मलम लावून. केओएचला वेळ कितीसा? सरकत्या कडेवरून १५ नंबरच्या ब्लेडने खरवडा, १० टक्के केओएचचा थेंब टाका, १०-१५ मिनिटं थांबा, सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घ्या. बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो तो खरवड चट्ट्याच्या मधून घेतल्यामुळे किंवा आधीच लावलेल्या औषधामुळे.

ओपीडीकर: मलम चोपडलेल्या त्वचेवरच तर डर्मोस्कोपने लव (अंगावरचे बारीक केस) बघायची! केसावर तुटक आडवे पांढरे पट्टे दिसले, तर बुरशी केसात शिरली आहे, नुसत्या मलमाने भागणार नाही. खरवडीत ही लव सहज नजरेतून सुटते. लाल ठिपके दिसत नसतील तर डर्मोस्कोपची काच त्वचेवर दाबली जात असेल. पोलराइज्ड प्रकाशात ती टेकवायचीही गरज नाही. काचेखाली जेलही नको, पापुद्रे पारदर्शक होऊन दिसेनासे होतात.

नखतपासनीस: नखात दातेरी, आत घुसलेली कड बुरशीकडे बोट दाखवते, सरळ कड मार लागून सुटलेल्या नखाकडे. तरीही पायाच्या नखाला टर्बिनाफिन (बुरशीवरची गोळी) रोज २५० मिग्रॅ, तेही १२ आठवडे, केवळ डर्मोस्कोपमधल्या चित्रावर देऊ नये. नखाखालचा चुरा जितका आतून मिळेल तितका काढा. टोकाच्या भुग्यात जिवंत बुरशी कमी असते.

स्लाइडवाले: हेच म्हणतोय. त्यात आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही नायट्याची बुरशी पसरलीय, तिचे बरेच नमुने टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. डर्मोस्कोपला बुरशीची जात कळत नाही, औषधाला होणारा प्रतिकार तर नाहीच. केओएचलाही नाही, पण खरवड काढलीच असेल तर उरलेली कल्चरला (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला) पाठवता येते. नीट औषध घेऊनही नायटा हटत नसेल, तर पुन्हा भिंगातून बघून नवं काही हाती लागणार नाही.