केबल चोरीची फिर्याद नुसता ‘अर्ज’ म्हणून ठेवून घेतात. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी काय करावे?

प्रश्न : केळी उत्पादक, जळगाव जिल्हा

नमस्कार. आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात आहे. गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या शिवारात विहिरींवरील केबल, स्टार्टर आणि ठिबकच्या नळ्या चोरीला जाण्याचे प्रकार थांबायला तयार नाहीत. शेतीची लाईन पाळीने येते आणि लाईन बंद असलेल्या तासांतच केबल कापली जाते, त्याअर्थी कोणत्या फिडरला केव्हा वीज नसते याची चोरांना पक्की माहिती असली पाहिजे.

माझ्या विहिरीवरची केबल काठाशी कापून नेली आणि मोटारीच्या खोलीचे कुलूप तोडून स्टार्टरही नेला. सकाळी शोध घेताना जवळच्या नाल्यात वाळूवर काळे डाग पडलेले दिसले. त्यात केबलच्या जळक्या कवचाचे तुकडे चिकटलेले होते आणि तांब्याचा एक बारीक तुकडा राखेत राहून गेला होता. म्हणजे तांबे तिथेच जाळून वेगळे केले आणि भंगारात विकण्यासाठी नेले, हे उघड होते. बाग निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या टप्प्यावर आलेली, वरून वैशाखाचे ऊन आणि पाणी बंद. अशा वेळी शेतकरी पोलीस ठाण्यात जातो तो तांब्याच्या किमतीसाठी जात नाही.

ठाण्यात मला सांगण्यात आले की साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, तुम्ही साध्या कागदावर अर्ज देऊन जा, चौकशी करू. पोच मागितली तर ‘त्याची गरज नाही’ असे उत्तर मिळाले. पुन्हा गेलो तेव्हा जुन्या केबलची किंमत पाच हजारांच्या आत धरली जाते, त्यामुळे यात गुन्हा दाखल होत नाही, असे सांगितले गेले. नाल्यातली जागा पाहायला कोणीही आले नाही. पुढे शेजारच्या शेतांतही चोऱ्या झाल्या, परंतु माझा अनुभव पाहून ते शेतकरी ठाण्यात गेलेच नाहीत. आता गस्त वाढवा अशी विनंती केली की ‘तुमच्या शिवारात चोरीची नोंद नाही’ असे ऐकावे लागते. नोंद करायची नाही आणि नंतर नोंद नाही म्हणून गस्तही घालायची नाही, हा आमच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

पाच हजारांचा हा नियम खरोखर आहे काय? असल्यास आमच्यासारख्यांनी काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर : फौजदारी वकील, धुळे

नमस्कार भाऊ. आपला संताप रास्त आहे. पाच हजारांचा नियम आहे, पण तो आपल्याला सांगितला गेला तेवढा सरसकट नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. न्याय संहितेच्या कलम ३०३(२) प्रमाणे साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कलमाला असे परंतुक जोडलेले आहे की मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत हा प्रकार अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असा, दाखवला आहे आणि ठाण्यात याच नोंदीवर बोट ठेवले जाते. परंतु चोर कोण हेच जिथे माहीत नाही, तिथे तो प्रथमच दोषी ठरणार आहे आणि माल परत करणार आहे हे आधीच कसे गृहीत धरता येईल, असा प्रश्न आपण लेखी विचारू शकता, आणि माझ्या मते तो विचारलाच पाहिजे.

आपल्या प्रकरणात याहून महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे मोटारीच्या खोलीचे कुलूप तोडले गेले. मालमत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागते. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे पाच हजारांची अट नाही. शिवाय एकाच शिवारात एकाच पद्धतीने चोऱ्या होत असतील, तर टोळीने केलेल्या चोरीसाठी कलम ११२ आहे, त्याचाही विचार तपास अधिकाऱ्याने करायला हवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केलेले आहे. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत आता प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण तिच्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती १४ दिवसांत संपवावी लागते. ‘चौकशी चालू आहे’ म्हणून अर्ज महिनोन्महिने पडून ठेवण्याची सोय कायद्यात नाही.

ठाण्याने नकार दिला तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा. तरीही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. गुन्हा नोंदला गेला की एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

प्रकरण अदखलपात्रच ठरवले गेले, तरी नुसता अर्ज ठेवून घेणे चुकीचे आहे. त्याची रीतसर नोंद नोंदवहीत व्हावी लागते, फिर्यादीला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगावे लागते आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जावा लागतो.

उत्तर : सेवानिवृत्त पोलीस अंमलदार

वकीलसाहेबांनी कायदा नीट मांडला आहे. मी ठाण्याच्या आतली बाजू सांगतो, आणि ती सांगताना कोणाचीही पाठराखण करण्याचा माझा हेतू नाही.

दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत प्रभारी अधिकाऱ्याला विचारले जाते की किती गुन्हे दाखल झाले आणि त्यांपैकी किती उघडकीस आले. अज्ञात चोराने नेलेली केबल सहसा सापडत नाही, म्हणून ती नोंदली की उघड न झालेल्या गुन्ह्यांचा आकडा वाढतो आणि अर्ज म्हणून ठेवली की वाढत नाही. वरिष्ठ हाच हिशेब धरून बसतील तोवर खालचा अंमलदार फिर्याद टाळणारच. त्यातच एका बीट अंमलदाराकडे कितीतरी गावे असतात. समन्स बजावणी, कोर्टाची पैरवी, निवडणुका, गणेशोत्सव, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेचा बंदोबस्त, ही सगळी कामे त्याच माणसांवर पडतात. मनुष्यबळ अपुरे आहे हे खरे, पण फिर्याद लिहून घ्यायला गाडी लागत नाही आणि मोठा फौजफाटाही लागत नाही, त्यामुळे हे कारण नोंद न घेण्यासाठी पुढे करता येणार नाही.

शेतकरी बांधवांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. स्थानिक गुन्हे शाखा एखादी टोळी पकडते, तेव्हा त्या टोळीने अनेक ठिकाणी चोऱ्या केल्याचे तपासात निघते आणि मुद्देमाल जप्त होतो. तो माल न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमी देऊन, परत मिळतो, पण ज्यांच्या नावावर गुन्हाच दाखल नाही ते कशाच्या आधारावर हक्क सांगणार? मी नोकरीत असताना ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या मोटारी पाहिल्या आहेत; त्यांचा मालक कुठेतरी असणारच, पण कागदावर तो नव्हता. ‘अ समरी’ म्हणून तपास बंद झाला तरी निराश होऊ नये, कारण गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही एवढाच त्याचा अर्थ असतो आणि पुढे आरोपी सापडला तर ते प्रकरण पुन्हा उघडते.

तेव्हा भाऊ, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. मोटारीचा व स्टार्टरचा क्रमांक, खरेदीचे बिल, गट क्रमांक आणि नाल्यातल्या जागेची छायाचित्रे जोडा. पोलीस पाटलांना सोबत घ्या. शेजारच्या ज्या शेतकऱ्यांनी फिर्याद दिली नाही त्यांनी आपापली वेगळी फिर्याद द्यावी. सर्वांचा मिळून एकच अर्ज दिला तर त्याची एकच नोंद होते. परिसरातील भंगार दुकानांची तपासणी करावी, असेही अर्जात स्पष्ट लिहा, कारण जळके तांबे शेवटी तिथेच पोहोचते.

उत्तर : शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

वरची चर्चा उपयुक्त आहे, पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. मी धडगाव भागात शिकवते. इथल्या पाड्यांवर चोरी होते ती शेळीची, कोंबड्यांची, फार तर जुन्या मोबाइलची. पाच हजारांच्या आतली वस्तू ही ज्यांची सर्वांत मोठी मालमत्ता आहे, त्यांनाच कायदा सांगतो की तुमची चोरी लहान आहे, तुम्ही दंडाधिकाऱ्यांकडे जा. एक दिवसाची मजुरी बुडवून, डोंगर उतरून, गाडीभाडे भरून ठाण्यात आलेली बाई न्यायालयात जाईल कशी? घरातून शेळी नेली असेल तर कलम ३०५ लागू शकते, हे आज मला वकीलसाहेबांच्या उत्तरामुळे कळले. ते त्या बाईला कोण सांगणार?

भाषेचाही प्रश्न आहे. पावरी किंवा भिली बोलणारा माणूस सांगतो एक आणि कागदावर उतरते दुसरे. मोबाइल खिशातून काढून घेतला असे तो सांगतो आणि हातात पडतो ‘गहाळ’ झाल्याचा दाखला. त्या दाखल्यावर हँडसेट बंद करता येतो, नवे सिमकार्ड मिळते, म्हणून माणूस समाधानाने परत जातो, पण कागदोपत्री गुन्हा झालेलाच नसतो आणि चोराचा शोध कोणी घेत नाही. लिहिलेला मजकूर फिर्यादीला वाचून दाखवल्यावरच सही किंवा अंगठा घ्यायचा, असे कायदा सांगतो. आम्ही शिक्षकांनी आणि आशाताईंनी निदान तेवढ्यासाठी अशा लोकांसोबत ठाण्यात जायला हवे, आणि मी जाते.

उत्तर : नोकरदार, भुसावळ

ताईंच्या मुद्द्याला जोडून एवढेच सांगतो की धावत्या रेल्वेतून किंवा एसटीतून प्रवाशाची वस्तू चोरली गेली, तर तीही कलम ३०५ मध्ये येते, वस्तू कितीही स्वस्त असली तरी. ‘हद्द आमची नाही’ म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करण्याची तरतूद आता संहितेतच आहे. आमच्याकडे बऱ्हाणपूर आणि खंडव्याकडून येणाऱ्या प्रवाशांना हे माहीत असणे फार आवश्यक आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांशी बोललो आहे. प्रत्येकजण आपली वेगळी फिर्याद लिहून बिलासह माझ्याबरोबर येणार आहे. वकीलसाहेब, दोन शंका उरल्या आहेत. काहींची केबल उघड्या विहिरीवरून गेली आहे, त्यांना खोली नाही. त्यांनी किंमत कशी दाखवावी? आणि अर्जात कलमांचे क्रमांक घालावेत काय?

फौजदारी वकील, धुळे

कलम ठरवणे पोलिसांचे काम आहे, आपण हकिकत लिहावी. ‘खोलीला कुलूप होते आणि ते तोडलेले आढळले’ हे वाक्य मात्र कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. उघड्या विहिरीवरील केबलसाठी तिची लांबी, कोअर, कंपनी आणि खरेदीचे वर्ष लिहून मूळ बिल व दुकानदाराचे आजचे दरपत्रक जोडावे. किंमत फुगवू नये, पण अंमलदाराने सांगितलेला आकडा स्वतःच्या सहीने मान्यही करू नये. पोच मिळाली नाही, तर त्याच दिवशी ती प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.