अनुभव धागा: आझाद हिंद सेनेतली दोस्ती आणि मानपान

फौजी माणूस शत्रूबद्दल कमी आणि बरोबरीच्याच्या बढतीबद्दल जास्त बोलतो, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचंही तेच होतं. घरी-दारी जे ऐकलंत, पाहिलंत ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

खडकीला आमच्या चाळीत सिंगापूरला कैद झालेले एक हवालदारकाका होते. नेताजींचं विचारलं की "लांबून पाहिले," एवढंच. पण या सेनेचे पहिले प्रमुख मोहनसिंग यांचं नाव काढलं की खाटेवर उठून बसायचे. डिसेंबर १९४१ मध्ये मलायात जपान्यांच्या हाती लागलेला कॅप्टन १९४२ मध्ये थेट जनरल! आणि हाताखाली त्याच्याहून वरचे लेफ्टनंट कर्नल, त्यात आपले जगन्नाथराव भोसलेही. "कालच्या पोराला सॅल्यूट ठोकायचा?" हे काका साहेबलोकांच्या आवाजात म्हणून दाखवायचे. डिसेंबर १९४२ मध्ये जपान्यांशी बिनसून मोहनसिंगांना अटक झाली, तेव्हा बऱ्याच साहेबांना जेवण गोड लागलं, असं काकांचं मत.

*

आम्ही पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला लाल किल्ल्याच्या खटल्यावर, म्हणजे इंग्रजांनी आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर भरलेल्या खटल्यावर, एकांकिका केली होती. (पुढच्या फेरीत गेलो नाही. परीक्षकांबद्दल बोलत नाही.) दिग्दर्शकाला शाहनवाज, सहगल, धिल्लन हे तीन आरोपी पहिल्यापासून जिवलग हवे होते. मी भांडलो. शाहनवाज सुरुवातीला या सेनेच्या विरोधातच होते. मोहनसिंग बेताचेच अधिकारी, असं त्यांनी खटल्यातल्या निवेदनातही सांगून टाकलंय. धिल्लन मात्र मोहनसिंगांच्या बाजूचे. आणि मोहनसिंग, शाहनवाज, धिल्लन हे तिघेही एकाच पलटणीतले, १/१४ पंजाब! म्हणजे भाऊबंदकीच. सहगल बलुच रेजिमेंटचे, ते यातून सुटले. तरी मे १९४५ मध्ये ब्रह्मदेशात पेगूजवळ इंग्रजांनी पकडलं तेव्हा शाहनवाज आणि धिल्लन एकत्रच होते, आणि नंतर आरोपी म्हणूनही शेजारी-शेजारी. आमच्या नाटकात त्या दोघांना पेगूच्या प्रसंगात एकही वाक्य नव्हतं. एकाने दुसऱ्याला पाण्याची बाटली द्यायची, बस्स. टाळ्या तिथेच पडल्या.

*

मामा एनडीएचा, म्हणजे लष्करी प्रबोधिनीतला. कोर्समेट म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा, हे येता-जाता ऐकवणार. त्याच कोर्समेटला आधी ब्रिगेडियर केलं तेव्हा मामाने पहिला फोन केला, पार्टीत सगळ्यांत जोरात नाचला आणि घरी आल्यावर मामीशी अबोला धरला. मामीचा काय दोष, ते तिला अजून कळलेलं नाही.