चॅट अ‍ॅपचं मेंटेनरपद (म्हणजे देखभालीची जबाबदारी) माझ्याकडे येतंय, घेऊ का? आणि घेतलं तर आधी काय काय मागून घेऊ?

मुलुंड_स्लो

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज.

अँड्रॉइडवरचं एक ओपन सोर्स चॅट अ‍ॅप आहे, एक्सएमपीपी या खुल्या चॅट प्रोटोकॉलवर चालतं, लायसन्स जीपीएल (कोड कोणीही वापरा-बदला, पण पुढे वाटताना तोही खुलाच ठेवा). अजून जाहीर काही झालेलं नाही म्हणून नाव टाकत नाही. माझा मोठा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, जहाजावरचं नेट म्हणजे कधी असतं कधी नसतं आणि असलं तरी इतकं बारीक की फोटो सोडाच, साधा मेसेज पण फिरत राहतो. चार वर्षांपूर्वी घरच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोसोडी नावाचं चॅट सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकून मी घरापुरता सर्व्हर केला आणि सगळ्यांच्या फोनमध्ये हे अ‍ॅप घातलं. आई अजून रोज झोपायच्या आधी एकदा उघडून बघते, तिच्या मेसेजला दुसरी टिक आली का.

माझा पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) पण त्यातूनच आला. नोटिफिकेशनमध्ये मेसेज ठरावीक लांबीवर कापायचे, इंग्रजीत काही वाटायचं नाही पण मराठीत जोडाक्षराच्या मधूनच सुरी फिरायची. दादाने 'उद्या' लिहिलं की शेवटी 'उद्' असं पाय मोडलेलं दिसायचं. ते मी अक्षराच्या सीमेवर कापायला लावलं, हिंदी आणि बंगालीवाल्यांचं पण काम झालं. त्यानंतर दोन वर्षं जमेल तसे पॅच देतोय.

आता मूळ मेंटेनरचा मेल आलाय. तो युरोपात असतो, इतकी वर्षं एकट्याने ओढलं त्याने. घरी बाळ झालंय, वेळ मिळत नाही, तू घेणार असशील तर सोमवारी सगळे राइट्स देतो नाहीतर रेपो (कोडचा साठा) आर्काइव्ह म्हणजे फक्त वाचण्यापुरता करून टाकतो असं म्हणतोय. शेवटचं रिलीज १४ महिन्यांपूर्वीचं, उघडे इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी) १९० च्या वर. मी अंधेरीला नोकरी करतो, जेव्हीएलआरच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात. पण अ‍ॅप बंद पडलेलं मला बघवणार नाही. आणि घरचे म्हणतात, भारतात बसून एन्क्रिप्टेड चॅटचं अ‍ॅप चालवतोस, उद्या पोलीस दारात आले तर? कोणी असं काही घेतलंय का आधी?

गिरगाव_कट्टा

घे. पण सोमवारी "सगळे राइट्स" म्हणजे नक्की कशाचे ते आज विचार त्याला. रेपोची मालकी दोन क्लिकमध्ये मिळते, खरा जीव आहे साइनिंग कीमध्ये, म्हणजे ज्या गुप्त किल्लीने प्रत्येक रिलीजवर सही होते तिच्यात.

माझा अनुभव सांगतो. मी एक छोटं एसएमएस बॅकअपचं अ‍ॅप घेतलं होतं, आधीच्या माणसाने रेपो दिला, पासवर्ड दिले, मी खूश. पहिलं रिलीज काढायला बसलो तर ती की ठेवलेली कीस्टोअर फाइलच नाही, ती त्याच्या जुन्या लॅपटॉपवर होती आणि तो त्याने फॉरमॅट मारून भावाला दिला होता. अँड्रॉइड जुन्या अ‍ॅपवर अपडेट तेव्हाच चढवतो जेव्हा सही त्याच कीची असते, नाहीतर सरळ नाकारतो. शेवटी नवीन पॅकेज नावाने अ‍ॅप टाकलं आणि लोकांना जुनं काढून नवीन घ्या म्हणून सांगत बसलो, निम्मे लोक आलेच नाहीत. तुझ्या बाबतीत तर अ‍ॅप काढलं की चॅटचा इतिहास जाईल आणि ओमेमोच्या (मेसेज एन्क्रिप्ट करायची पद्धत) कीज पण जातील, म्हणजे तुझ्या आईला दादाचं डिव्हाइस परत तपासून घ्यावं लागेल.

प्ले स्टोअरवर असेल तर विचार की प्ले अ‍ॅप साइनिंग चालू आहे का. ऑगस्ट २०२१ पासून नवीन अ‍ॅपना ते सक्तीचं आहे पण त्याआधीची बरीच अ‍ॅप अजून स्वतःच्याच कीवर आहेत. चालू असेल तर मूळ की गूगलकडे असते आणि तुझ्याकडची अपलोड की (गूगलला रिलीज पाठवताना लागणारी) हरवली तरी बदलून मिळते. एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स स्टोअरचं वेगळं, ते लोक सहसा सोर्सवरून स्वतः बिल्ड करतात आणि स्वतःच्या कीने सही करतात, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही पण त्यांच्या मेटाडेटात नवीन रेपोचा पत्ता द्यावा लागेल. शिवाय डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि कधी संपतंय ते बघ, संपलं आणि दुसऱ्याने उचललं तर तुमच्या वेबसाइटवरून तो काहीही वाटू शकतो.

आणि पुश नोटिफिकेशनचा सर्व्हर कोण चालवतो? फायरबेस (गूगलची पुशची सेवा) प्रोजेक्ट त्याच्या खाजगी अकाउंटवर असेल तर तो आधी मोकळा करून घे.

रात्रपाळी

मी उलट बाजूने सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. तू चांगला माणूस आहेस हे आम्हाला तुझ्या पोस्टवरून वाटतंय, पण ते अ‍ॅप वापरणाऱ्यांना कसं कळणार?

एक्सझेड या लिनक्समधल्या फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण आठव. एकटा दमलेला मेंटेनर, लिस्टवर "काम इतकं हळू का, दुसऱ्याला द्या" म्हणून ओरडणारी अनोळखी नावं, आणि दोनेक वर्षं गोड बोलून व्यवस्थित पॅच देणारा एक मदतनीस. त्यालाच हक्क मिळाले आणि ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोर (गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा) गेला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच (सर्व्हरवर दुरून शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून शंका आली आणि त्याने खोदून काढलं, नाहीतर किती सर्व्हरवर गेला असता कल्पना करवत नाही. २०१८ ला एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजचं भांडार) इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचं पण तेच, मागेल त्याला पॅकेज दिलं आणि त्यात बिटकॉइन वॉलेट फोडणारा कोड आला.

म्हणून सोमवारी एका दमात सगळं घेऊच नको. आधी सहा महिने दोघं मिळून मेंटेनर राहा, घोषणा त्याला करू दे, त्याच्या स्वतःच्या अकाउंटवरून आणि त्याच्या कीने सही केलेल्या टॅगसोबत (कोडवरची रिलीजची खूण). आणि तुला दम लागला म्हणून कोणी मदतीला आलं तर त्यालाही दोन आठवड्यात कमिट (थेट कोड बदलायचा) अ‍ॅक्सेस देऊ नको.

मुलुंड_स्लो

वाईट कसलं वाटायचं, खरं म्हणजे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवडाभर मी फक्त मला जमेल का एवढाच विचार करत होतो. त्याच्या जागी असतो तर मी मला दिलं असतं का, हा आत्ता पहिल्यांदा विचारला स्वतःला.

आणि @गिरगाव_कट्टा, पुशचं तुम्ही विचारलंत म्हणून बघितलं. १९० पैकी साठेक इश्यू "अ‍ॅप उघडल्याशिवाय मेसेजच येत नाही" हेच आहेत! पुश सर्व्हर अजून एफसीएमच्या (फायरबेसची मेसेज पोचवायची सेवा) जुन्या एपीआयवर आहे, तो गूगलने २०२४ मध्ये बंद केला. आम्ही सगळे सिंक कोडमध्ये बग शोधत होतो.

सुषमा_विलेपार्ले

मग बघ, एका कामात साठ इश्यू गेले. बाकीच्यांना पण घाबरू नकोस.

मी एका लायब्ररीची सात वर्षं मेंटेनर होते, तुला दोन गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत त्या सांगते. पहिली म्हणजे तुझं नोकरीचं अ‍ॅग्रीमेंट काढून वाच, आज रात्रीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीच्या कामात केलेल्या गोष्टीची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याचीच असते, वेगळं ठरलं नसेल तर. त्यावर आपल्या कंपन्या कलम घालतात की नोकरीत असेपर्यंत जे काही लिहाल ते आमचं, घरी लिहिलेलं सुद्धा. जीपीएल प्रोजेक्टमध्ये असा वादातला कोड जाणं बरं नाही. एचआरला मेल टाकून लेखी परवानगी घे, प्रोजेक्टचं नाव लिहून. मी घेतली होती, तीन आठवडे लागले पण मिळाली. कंपनीच्या लॅपटॉपवरून एक ओळ सुद्धा कमिट करू नको. आणि जुन्या लोकांच्या कॉपीराइटच्या ओळींना हात लावू नको, लायसन्स बदलायचं कोणी सुचवलं तर प्रत्येक योगदान देणाऱ्याची संमती लागते हे पण सांगून ठेव.

दुसरी घरच्यांच्या भीतीबद्दल. भीती अगदीच हवेतली नाही, मे २०२३ मध्ये सरकारने १४ मेसेजिंग अ‍ॅप ब्लॉक केली त्यात एलिमेंट आणि ब्रायर ही दोन ओपन सोर्सवाली पण होती. पण मेसेजचा मूळ पाठवणारा शोधून द्या हा जो २०२१ च्या आयटी नियमांतला भाग आहे तो ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांसाठी आहे. तू अ‍ॅप देतोयस, लोकांचे मेसेज तुझ्या सर्व्हरवरून जात नाहीत. हा फरक आईला नीट समजावून सांग. तरी एखाद्या वकिलाशी अर्धा तास बोलून घे, माझं ऐकून थांबू नको.

वेळेचं म्हणशील तर आठवड्याचे चार तास ठरव आणि ते रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहून टाक. लोक समजून घेतात. न सांगता गप्प राहिलं की चिडतात.

गिरगाव_कट्टा

ताईंशी सहमत. फक्त पहिल्या रिलीजमध्ये नवीन फीचर एकही नको, डिझाइन तर अजिबात बदलू नको.

मुलुंड_स्लो

अपडेट. काल रात्री त्याच्याशी कॉल झाला, मागे बाळ रडत होतं, तो बिचारा एका हाताने टाइप करत होता. सहा महिने दोघं राहायचं ठरलं, घोषणा तोच करेल. कीस्टोअर आहे, पण एकाच पेनड्राइव्हवर, ती कुठल्या खोक्यात आहे ते शोधतोय. प्ले अ‍ॅप साइनिंग चालू नाहीये. डोमेन नोव्हेंबरमध्ये संपतंय, त्याने कॉलवरच पाच वर्षांसाठी भरलं.

एचआरला मेल गेलाय, उत्तर येईपर्यंत मी कमिट करत नाही, त्यामुळे पुश सर्व्हरचा बदल तोच करेल आणि मी फक्त तपासून देईन. टेस्टिंगसाठी दादाला सांगितलंय, त्याचं जहाज उद्या कोलंबो सोडतंय, म्हणजे खरंखुरं बारीक नेट मिळेल. पेनड्राइव्ह सापडली की कळवतो.