जानेवारीत नांदूरमधमेश्वर, थंडी आणि धुक्याचं काय करायचं?

रानवाट_नाशिक:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरात निफाडजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात जाऊन आलो, बदकं भरपूर पण सगळी सारखीच मातकट, पुस्तकातल्या चित्राशी एकही जुळेना, लेक (वय 9) पार हिरमुसली. आता जानेवारीत परत न्यायचं म्हणतोय. पण निफाडची थंडी माहितीये ना, पारा कधी पाच-सहावर येतो, त्यात धुकं असलं तर काय दिसणार? दुर्बीण 8 बाय 42 (आठ पट मोठं दाखवणारी) आहे. जावं का?

गाळपेर:
नक्की न्या! ऑक्टोबरात तुमचं काही चुकलं नव्हतं. विणीनंतर नर बदकं रंगीत पिसं टाकतात, काही महिने मादीसारखीच दिसतात आणि तशीच इकडे येतात, नवी पिसं पूर्ण यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. म्हणजे ऐन थंडीतच थापट्याचं हिरवं डोकं, तलवार बदकाची लांब टोकदार शेपटी बघायला मिळते. लेकीला पहिल्यांदा थापट्याच दाखवा, फावड्यासारखी चोच पाण्यात घालून कळपाने गोल गोल फिरत खातात, तिला लगेच ओळखता येईल. बंधाऱ्यात गाळ साचून पाणी उथळ झालंय म्हणून तर या बदकांचं तिथे फावतं.

चक्रवाक77:
पहाटेची घाई नको असं सगळे सांगतील, मी उलट सांगतो. मागच्या जानेवारीत आम्ही उजाडायच्या आत तिथल्या चापडगावच्या पक्षी निरीक्षण मनोऱ्यावर होतो, दोन तास पाणीच दिसलं नाही, बोटं बधिर आणि श्वासाने दुर्बिणीच्या काचा सारख्या धूसर होत होत्या. पण धुक्यातून चक्रवाक बदकांची हाक येत होती. रात्री ताटातूट झालेल्या जोडीची गोष्ट आजीकडून ऐकलेली, त्या दिवशी अंगावर काटा आला. नऊच्या सुमारास धुकं विरलं आणि समोर नारिंगी जोडी उभी. काच पुसायला सुती रुमाल ठेवा, दुर्बीण जॅकेटच्या आत नको, गार काचेला अंगाची उबदार दमट हवा लागली की अजून धुरकटते.

द्राक्षवाला_निफाड:
मी इथलाच. कडाक्याच्या थंडीत आम्ही रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, द्राक्षं वाचवायला, तेव्हा पहाटे धूर दिसला तर घाबरू नका. लहान मूल आहे तर सातला या, कानटोपी, हातमोजे आणि थर्मासमध्ये गरम दूध पाहिजेच. बदकं लांब असतात, 8 च्या दुर्बिणीला पुरत नाहीत, स्पॉटिंग स्कोप (स्टँडवरची जास्त ताकदीची दुर्बीण) असलेला स्थानिक गाईड घ्या. आणि काठावर पळापळ नको, एक थवा उडाला की सगळं पाणी रिकामं होतं.

रानवाट_नाशिक:
ठरलं मग, येत्या रविवारी. लेक आत्ताच वहीत थापट्या काढत बसलीये, चोच जरा जास्तच मोठी झालीये.